परब मॅडमची रजा

परब मॅडमच्या डाव्या तळहातावर कायम काहीतरी लिहिलेलं असायचं. फोन नंबर नव्हे, भाजीची यादी नव्हे. एखादाच शब्द. 'तरीपण'. 'उरलेले चार'. 'म्हणून'. मी कंपनीत नवीन होतो तेव्हा आठवडाभर मला वाटलं, बाई कविता करतात की काय. मग एकदा त्या मला काहीतरी समजावत असताना लॅबमधल्या जाधवने दारातून हाक मारली. मॅडमनी बोलणं तोडलं, केसांत खोचलेलं पेन काढलं, हातावर एक शब्द लिहिला आणि मगच 'काय रे' म्हणून त्याच्याकडे वळल्या. वीस मिनिटांनी परत आल्या, हात बघितला आणि त्याच शब्दापासून वाक्य पुढे सुरू केलं. मी तोपर्यंत चहा पिऊन आलो होतो आणि आधीचं अर्धं वाक्य विसरूनही गेलो होतो.

"कोणी हाक मारली तर जायचंच," त्या म्हणाल्या. "पण आधी आपण कुठे होतो ते लिहून ठेवायचं. नाहीतर परत येणार कुठे तू?"

हा नुसता त्यांचा स्वभाव नव्हता, हेच त्यांचं पोटापाण्याचं काम होतं. आमची कंपनी मरोळला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना, वर आम्ही. रुग्णाच्या उशाशी ठेवायचे मॉनिटर आम्ही बनवतो. बोटाला चिमटा, दंडाला पट्टा, छातीला वायरी, आणि पडद्यावर हिरवी रेघ पळत असते, ते यंत्र. त्याच्या पोटातला प्रोसेसर आपलं काम करत असतो. मध्येच चिमटा सांगतो, ठोका पडला. बटण सांगतं, मला दाबलं. बॅटरी सांगते, मी संपत आले. प्रत्येकाला एकेक नंबर दिलेला. नंबर आला की प्रोसेसर हातातलं काम खुणेसकट बाजूला ठेवतो, एका तक्त्यात बघतो की या नंबराने कुठे जायचं, तिथलं काम उरकतो आणि परत येतो. या नंबरांना आम्ही व्हेक्टर म्हणतो. तक्त्यात जागा दोनशे छप्पन्न. पहिल्या बत्तीस प्रोसेसरच्या स्वतःच्या दुखण्यांसाठी राखीव. बाकीच्या कोणाला द्यायच्या, कधी काढून घ्यायच्या, आत एकाहून जास्त प्रोसेसर असतात तर एकावरून दुसऱ्यावर कशा हलवायच्या, हे सगळं यंत्राच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये ठरतं. आणि आमच्या कर्नलमधला तो भाग परब मॅडमनी अकरा वर्षांपूर्वी एकट्यांनी लिहिला होता. त्यानंतर तो दुसऱ्या कोणाला धडपणे कळला नाही, आणि कळून घ्यायची कोणाला गरजही पडली नाही, कारण मॅडम होत्याच.

शिकवायच्या झकास. वडील गिरणीत होते, लहानपण सगळं चाळीत गेलेलं, त्यामुळे सगळ्या गोष्टी दार आणि कडीच्या भाषेत. "कडी वाजली की दार उघड, निरोप घे, दार लाव. पाहुण्याला आत बसवून चहा करायला लागलास तर मागच्या चार जणांच्या कड्या ऐकू येणार नाहीत." मी लिहिलेला कोड वाचताना चष्मा नाकाच्या टोकावर आणायच्या आणि बोटाने पडद्यावर टकटक करायच्या. "इथे चहा केलायस." आणखी चार ओळी खाली. "इथे तर जेवायलाच वाढलंस." ऑफिसात त्यांची भाषा मुंबईचीच, सरळसोट. पण डोकं फिरलं की मालवणी बाहेर पडायची. एकदा मी एका ठिकाणी कडी बंद केली आणि परत उघडायला विसरलो. सगळं मशीन बहिरं होऊन बसलं. त्यांनी अर्धा तास शोधलं, ओळ सापडली, आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "मेल्या, तुका अक्कल कधी येतली?" ते ऐकून मला बरं वाटलं. त्याआधी मला नुसतं 'निलेश' म्हणायच्या.

डबा त्या कधी सलग जेवल्या नाहीत. नाहूरच्या घरून आणलेला स्टीलचा डबा, त्यात भात, माशाचं तिखलं, सोलकढीची वेगळी बाटली. दोन घास झाले की फोन. झाकण लावायचं, जायचं, येऊन झाकण काढायचं, दोन घास, परत फोन. मी एकदा मोजलं, सहा वेळा झाकण लागलं. थंडगार तिखलं खाताना तोंड वाकडं करायच्या आणि म्हणायच्या, "गरम जेवलेलं मला आता पचायचंच नाही."

हे हसत बोलायच्या. पण मी शेजारी बसायचो, मला दिसायचं. या बाईला कुठे जाताच येत नव्हतं. कोणी साखळीने बांधलं नव्हतं, हीच तर वाईट गोष्ट. आमचे मालक मेहता साहेब, घाटकोपरचे, गोड माणूस. रजेचा अर्ज त्यांनी कधी नाकारला नाही. "सुनंदाबेन, जा ना, बिनधास्त जा. फक्त फोन चालू ठेवा." बस, एवढंच. या एका 'फक्त'मध्ये बाईंची अकरा वर्षं गेली. गावच्या जत्रेला गेल्या, तर देऊळ खाली आणि रेंज शाळेच्या मागच्या कातळावर. पालखी खालून गेली, दशावतार खाली झाला, आणि या वर कातळावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. गावातल्या बायकांना वाटलं, सुनंदाचं घरच्यांशी बिनसलंय म्हणून वर जाऊन बसते. "दोघी तर समजूत काढायला आल्या वर," मॅडम सांगायच्या. "म्हटलं, काय्येक होवक नाय गो, रेंज नाय."

वर मेहता साहेब चार माणसांत म्हणायचे, सुनंदाबेनशिवाय कंपनी चालतच नाही. दर दिवाळीला म्हणत आलेले. मॅडम मान खाली घालून हसायच्या. मला त्या वाक्याची चीड यायची. माणसाला आत ठेवून बाहेरून कौतुकाची कडी लावायची, आणि वर टाळ्या वाजवायच्या.

त्यांची मुलगी केतकी कॅनडात असते. तिच्या पहिल्या बाळंतपणाची गोष्ट ऑफिसात सगळ्यांना माहीत होती, फक्त मॅडमसमोर कोणी काढत नसे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण आईने करायचं. मुलगी येऊ शकत नसेल तर आईने जायचं, यात बोलण्यासारखंच काही नाही. मॅडमची आणि परब काकांची तिकिटं काढलेली, डिंकाचे लाडू वळून झालेले. निघायच्या चार दिवस आधी एका हॉस्पिटलातली मशीन मधूनच गोठायला लागली. कधी होतं, कधी होत नाही. मेहता साहेब म्हणाले, बेन, तुम्ही जा, फक्त... मॅडमनी स्वतःचं तिकीट रद्द केलं. काकांचं तसंच ठेवलं. काका पालिकेच्या पाणी खात्यातून रिटायर झालेले, अत्यंत कमी बोलणारे गृहस्थ. ते शेजारच्या मावशींकडून बाळाची मालिश शिकले, बाळंतशेपेचा डबा पिशवीत टाकला आणि एकटेच विमानात बसले. नवरा बाळंतपण करायला गेला आणि बायको ऑफिसात. नाहूरच्या त्यांच्या सोसायटीत यावर बरेच दिवस हसणं झालं.

मॅडमनी ती चूक नवव्या दिवशी शोधली. तोवर नात झाली होती. केतकीचा फोन आला तेव्हा मॅडम जिन्यात उभ्या राहून बोलल्या. मला हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. "ती म्हणाली, बाबा छान करतायत गं सगळं, तू तुझ्या कामाचं बघ. चिडून नाही रे. अगदी सरळ म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं."

त्यामुळे केतकीला दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा मॅडम थेट मेहता साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, या वेळी मी जाणार, तीन महिने, आणि फोन बंद ठेवून. तुम्ही माणूस आणा, मी तयार करते. तो माणूस म्हणजे मी. वय चौतीस, घरी बायको, आधीच्या दोन नोकऱ्यांत ॲप बनवलेली, गाभ्यातलं शून्य ज्ञान. मॅडमनी मला बघून मनात काय म्हटलं असेल ते त्यांनाच ठाऊक. पण शिकवायला कसूर केली नाही.

आणि शिकवता शिकवताच त्या अडकल्या. नंबर एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर हलवायचा असेल, तर मॅडमचा एक नियम होता. नवीन ठिकाणी सगळी तयारी करायची, चिमट्याला नवा पत्ता द्यायचा, पण जुनी जागा लगेच मोडायची नाही. कारण एखादा निरोप आधीच निघालेला असू शकतो, तो जुन्याच दारावर येणार. म्हणून नवीन दारावर पहिली कडी वाजून ती नीट उघडली गेल्याशिवाय जुनं दार बंद करायचं नाही. हा नियम काही त्यांनी शोधलेला नाही, जाणकार असंच करतात. पण मॅडमनी तो स्वतःला लावला. "तुझ्याकडे एक खरी चूक येऊ दे. ती तू एकट्याने शोध. मी शेजारी बसेन, बोलणार नाही. मग मी तिकीट काढते."

हे मला तेव्हा अगदी रास्त वाटलं. गंमत अशी झाली की त्यानंतर चूकच येईना. महिना गेला, दोन गेले, तीन गेले. मशीन आपली गुमान चालताहेत. मॅडमनीच लिहिलेला भाग, आणि अकरा वर्षं घासूनपुसून स्वच्छ केलेला, तो कशाला बिघडतोय? रोज सकाळी त्या पर्स टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "काही आलं?" मी म्हणायचो, "नाही, मॅडम." दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात या उत्तरावर पेढे वाटले असते. आमच्याकडे मॅडमचा चेहरा उतरायचा.

केतकीला सहावा संपला, सातवा लागला. परब काका पुढे निघून गेले, आधीचा अनुभव असल्यामुळे. व्हिसा पर्समध्ये पडून होता. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही जा. आलं काही तर बघू." त्या म्हणाल्या, "बघू म्हणजे कोण बघू? तिथे माणूस झोपलाय रे त्या खाटेवर." खरंच होतं ते. पण मला राग यायला लागला होता. मेहता साहेबांचा येत होता, आणि त्यांच्याहून जास्त मॅडमचा. एवढी हुशार बाई, आणि स्वतःच्याच नियमाने स्वतःची वाट लावून घेते. डोळ्यांदेखत बघवत नव्हतं.

मग मी एक उद्योग केला. आजवर आपणहून कोणाला सांगितला नव्हता. लॅबमध्ये चाचणीसाठी आठ मशीन असतात, त्यांचा हॉस्पिटलशी संबंध नाही. त्यातल्या एकावर, जेवणाच्या सुट्टीत, मी तक्त्यातला एक नंबर बदलला. चिमट्याचा निरोप बटणाच्या दारावर पाठवला. म्हणजे ठोका पडला की मशीनला वाटणार, कोणीतरी बटण दाबलं. दुपारी जाधवने बोट घातलं आणि ओरडत आला. त्याच्या प्रत्येक ठोक्याला पडद्यावरचा मेनू एकेक घर पुढे सरकत होता. तो घाबरला तसा ठोका वाढला आणि मेनू पळायलाच लागला. खालच्या कारखान्यातली दोन माणसं बघायला वर आली. सगळे हसून बेजार.

मॅडम हसल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या, हाताची घडी घातली. "शोध," म्हणाल्या.

मी शोधायचं नाटक केलं. इथे बघितलं, तिथे बघितलं, डोकं खाजवलं, एकदा उठून पाणी पिऊन आलो. दोन तासांनी तक्त्यापाशी आलो आणि म्हटलं, "मॅडम, हा बघा." जाधवने टाळ्या वाजवल्या. मेहता साहेबांनी पाठ थोपटली. मॅडम पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, मग उठल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी तिकीट काढलं. मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी बायकोला गजरा नेला. तिने विचारलं, कोणती भानगड केलीस.

आता मॅडम आमच्याकडे नाहीत. तीन महिने संपायच्या आधीच तिकडून राजीनामा आला, दोन ओळींचा. त्यांची खुर्ची तिथेच आहे, तिच्यावर मी बसतो. मेहता साहेब आता मला म्हणतात, निलेशभाई, तुम्ही जा ना, फक्त फोन चालू ठेवा. गेल्या आठवड्यात मीच मोजलं, माझ्या डब्याचं झाकण पाच वेळा लागलं.

पण मला त्या दिवसाचं सांगायचंय. मॅडमना विमानतळावर सोडायला मीच गेलो. दुपारचं विमान. नाहूरहून साकीनाक्यामार्गे टॅक्सी. मॅडमनी नवे कोरे पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेले, साडीखाली. दोन बॅगा, त्यातली एक नुसती खाण्याची. सहार विमानतळाला उतरलो, सामान ट्रॉलीवर चढवलं, आणि आत जायला वेळ होता म्हणून दारापासून थोडं बाजूला उभे राहिलो.

"निलेश," त्या म्हणाल्या, "तो नंबर तूच बदलला होतास."

मी ट्रॉलीवरची बॅग उगाच सरळ केली. कान तापले.

"खरी चूक अशी हसवत नाही रे. आणि आपणच लपवलेली वस्तू शोधताना माणूस सगळे कप्पे उघडतो, पण आत हात घालत नाही. तू दोन तास नुसते कप्पे उघडत होतास."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

त्यांनी पदराने चष्मा पुसला. "काय बोलणार? मी पण अकरा वर्षं तेच करत होते. त्या वेळी तिकीट रद्द केलं ना, तेव्हा ती चूक नऊ दिवस थांबली असती. मशीन बदलून देता आली असती. मला माहीत होतं." चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "इथे दर दहा मिनिटांनी मला कोणीतरी हाक मारतं. वैताग येतो, खरंय. पण तिथे जाऊन बसले, आणि कोणी हाकच मारली नाही तर? केतकीला सगळं येतं. तिच्या बाबांना मालिश येते. माझं काय आहे तिथे? या भीतीपायी मी माझ्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला गेले नाही, निलेश. मेहताने अडवलं नाही मला."

मी त्यांच्याकडे बघूच शकलो नाही. इतके महिने मी ज्याला साहेबांची कडी समजत होतो, ती आतून लावलेली होती. आणि मला त्या क्षणी त्यांची इतकी माया आली की हात धरावासा वाटला. धरला नाही. आपण कुठे असं करतो.

"मग आता?" मी विचारलं.

"आता जाऊन बसते. नाही मारली हाक तर नाही मारली." ट्रॉलीवर हात ठेवला त्यांनी. "तू काही तयार नाहीस, बरं का. खरी आली तर तुला रडवेल."

तेवढ्यात माझा फोन वाजला. जाधव होता. मी जरा पाठ वळवून घेतला. तो म्हणाला, "निल्या, लॅबमधली तीन मशीन एकदम थंड पडलीत. परत चालू केली, परत गेली. मागचं मला कळलंय, पण या वेळी तू नाही ना काही केलंस?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "मग मॅडमला विचार लवकर, त्या आत जायच्या आधी."

मी फोन ठेवला आणि वळलो.

"कोणाचा रे?" मॅडमनी विचारलं.

"बायकोचा. येताना दूध आण म्हणतेय."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. अकरा वर्षं असे फोन घेतलेली बाई. मला वाटलं, आता हात पुढे करतील आणि म्हणतील, दे इकडे. मी मनातल्या मनात म्हणत होतो, मागू नका, मॅडम, मागू नका, कारण मागितला असता तर मी दिला असता.

"मग जा लवकर," त्या म्हणाल्या. "दुधावाचून खोळंबली असेल ती."

त्यांनी ट्रॉली वळवली, दारातल्या जवानाला पासपोर्ट दाखवला आणि आत शिरल्या. ट्रॉलीचं एक चाक वाकडं जात होतं, ते सांभाळत सांभाळत चालत होत्या. एकदाही मागे बघितलं नाही. माझ्या खिशात फोन परत वाजायला लागला. काचेपलीकडच्या गर्दीत त्या दिसेनाशा होईपर्यंत मी तो वाजू दिला.